डबा छोटा, नागपूर दूर

मिनी डेस्कटॉपच्या माहितीपत्रकात शेवटाकडे एक ओळ असते, ती दुकानात सहसा कुणी वाचत नाही. वापरण्यायोग्य तापमान: ० ते ३५ अंश सेल्सिअस. काहींवर ४० लिहिलेले असते. चंद्रपुरात आणि ब्रह्मपुरीत मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला तर त्याची बातमी आतल्या पानावर येते; ४७ ओलांडला तर पहिल्या पानावर. आणि हे सावलीतले, हवामान खात्याचे तापमान. टिनाच्या छपराखालच्या दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि दाराशी रांग लावून उभी असलेली माणसे असतात, तिथे दुपारी तीनला काय होते हे इकडच्या वाचकाला सांगायला नको. त्याच खोलीत, त्याच वेळी एक संगणक सातबारा काढत असतो, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरत असतो, पीककर्जाचे कागद चढवत असतो.

गेल्या काही वर्षांत हा संगणक लहान होत चालला आहे. टेबलाखालचा टॉवर जाऊन त्याच्या जागी मॉनिटरच्या पाठीला स्क्रूने अडकवलेला, जेमतेम एक लिटर आकारमानाचा काळा डबा दिसू लागला. आपले सरकार सेवा केंद्रात, खत-बियाण्याच्या दुकानात, पतसंस्थेच्या काउंटरवर, एखाद्या आश्रमशाळेच्या कार्यालयात. दुकानदार त्याला ‘टायनी’ म्हणतात किंवा नुसते ‘मिनी’. तो स्वस्त आहे, वीज कमी खातो, जागा अडवत नाही, एवढे सगळ्यांना पटलेले आहे. उरलेला प्रश्न असा की आमच्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत तो टिकतो का, आणि घातलेले पैसे फेडतो का. माझे उत्तर ‘हो’ असे आहे. पण त्याला एक अट आहे, आणि ती त्या डब्यापेक्षा आपल्या नकाशाशी जास्त जोडलेली आहे.

आधी वस्तू काय आहे ते पाहू, कारण गिऱ्हाइकाची पहिली फसगत तिथेच होते. मिनी या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेली वापरलेली यंत्रे: डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, एचपीचा एलिटडेस्क किंवा प्रोडेस्क मिनी. बँका आणि आयटी कंपन्या ही यंत्रे अनेकदा भाडेकराराने घेतात, तीन ते पाच वर्षांनी गठ्ठ्याने परत करतात, आणि मग ती दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून, मुंबई-पुण्यातून, नागपूरच्या सीताबर्डीतून उतरत उतरत मूल, नागभीड, आरमोरी, चामोर्शीपर्यंत पोहोचतात. दुसरी गोष्ट म्हणजे ऑनलाइन मिळणारे नवे कोरे चिनी डबे. इंटेलने जानेवारी २०२३ मध्ये एन-१०० नावाची चार कोअरची, ६ वॅटची चिप आणली आणि त्यानंतर या डब्यांचा पूर आला. पुढे एन-१५० आली, तिच्यात फरक थोडाच. तिसरी वस्तू म्हणजे इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०१२ मध्ये ३५ डॉलरला बाजारात आलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची पुढची भावंडे. शाळेत मुलांना संगणक आतून कसा असतो ते दाखवायला, इंटरनेट नसलेल्या गावात विकिपीडियाची साठवलेली प्रत फोनवर पुरवायला पाय उत्तम आहे. पण सेवा केंद्राचा बोटांच्या ठशांचा स्कॅनर आणि डिजिटल सहीची टोकन-पेटी आजही विंडोज गृहीत धरूनच येतात. शिवाय पायचे सगळे काम मेमरी कार्डावर चालत असले तर वीज जाण्याच्या एका झटक्यात कार्डावरची माहिती बिघडू शकते. म्हणून काउंटरवरच्या कामासाठी पाय मी बाजूला ठेवतो.

उरले दोन. वेगाचा हिशेब साधा आहे. नव्या एन-१०० ची ताकद साधारण २०१५ सालच्या सहाव्या पिढीच्या आय-५ एवढी. २०१८ मधली आय-५ ८५००टी, म्हणजे आठव्या पिढीची सहा कोअरची ३५ वॅटची चिप, तिच्या बरीच पुढे. अर्ज भरणे, पीडीएफ जोडणे, टॅली, एक्सेल, ऑनलाइन वर्ग एवढ्याला दोन्ही पुरतात. वडसा-देसाईगंजला झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचे फलक करणाऱ्या फ्लेक्सवाल्याला मात्र एन-१०० देऊ नये. दहा बाय वीस फुटांच्या फलकाची फाइल उघडली की ती चिप घाम गाळते, आणि दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की त्याला बसून राहायला वेळ नसतो.

वेगापेक्षा महत्त्वाचे आहे ते आत काय बदलता येते. वापरलेल्या डेल-लेनोवो-एचपीत मेमरीच्या दोन पट्ट्या, एसएसडी, पंखा, वायफायचे कार्ड, बहुतेकांत प्रोसेसरसुद्धा काढता येतो. स्वस्त नव्या डब्यांपैकी कित्येकांत मेमरी बोर्डावरच डकवलेली असते, आणि सर्वांत स्वस्तांत तर साठवणही: ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी, सोल्डर केलेली. ती गेली की पूर्ण बोर्ड गेला. मुंबईत बसलेल्या माणसाला हा तपशील किरकोळ वाटेल. एटापल्लीत बसलेल्याला तो सगळ्यात मोठा आहे.

चंद्रपुरातल्या एका दुरुस्तीवाल्याच्या बाकावर असा एक वापरलेला मायक्रो उघडताना मी पाहिला. यंत्र घुग्गुसकडून आले होते, तक्रार होती ‘हळू चालते’. मागचा एक स्क्रू बोटाने फिरवला, झाकण पुढे सरकवले, झाले. आत पंख्याखालच्या धातूच्या पात्यांवर काळपट राखाडी थर जमला होता, इतका दाट की चिमट्याने धरून तो एकसंध निघाला. कोळसा, राख आणि सिमेंटची धूळ असलेल्या पट्ट्यात हवेत जे असते तेच. पाती सोडवल्यावर प्रोसेसरवरची पेस्ट खडूसारखी कोरडी पडलेली. त्याने ती स्पिरिटने पुसली, तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावली, ब्रशने पंखा साफ केला आणि यंत्र पुन्हा जोडले. तापमान दाखवणारा पडद्यावरचा आकडा नव्वदीच्या घरातून सत्तरीत आला.

“मशीन खराब नाही होत जी, गुदमरते,” तो म्हणाला. “लोक म्हनतेत स्लो झाली, नवी घ्या. अंदर पाहातच नाहीत.”

त्याचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. चिप १०० अंशांच्या आसपास गेली की स्वतःला वाचवण्यासाठी ती आपला वेग कमी करते. जळत नाही, मंदावते. म्हणून या यंत्रांचा उन्हाळ्यातला आजार ‘बंद पडणे’ हा क्वचित, ‘हळू होणे’ हा नेहमीचा. खरे नुकसान हळूहळू होते ते आजूबाजूच्या भागांचे. बोर्डावरच्या आणि अडॅप्टरमधल्या कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश वाढीला साधारण निम्मे होते, असा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. पुण्यातल्या वातानुकूलित कचेरीत ज्या डब्याने पाच वर्षे काढली, तो चंद्रपूरच्या खोलीतही तेवढीच काढेल असे धरून चालू नये. उपाय मात्र महागडे नाहीत. डबा मॉनिटरच्या पाठीला, भिंतीशी कोंडून लावण्याची पद्धत इकडे सोडून द्यावी. तो उभा, चारी बाजूंनी मोकळा ठेवावा. एप्रिल लागायच्या आत एकदा उघडून साफ करावा. पंखा नसलेली, अंगानेच थंड होणारी मॉडेल्स धुळीसाठी चांगली म्हणून विकली जातात. ४५ अंशांच्या खोलीत त्यांना उष्णता टाकायला जागाच उरत नाही, म्हणून मी त्यांच्या विरुद्ध आहे.

दुसरा बिघाड मला अधिक शिकवून गेला, कारण तो बिघाड वाटतच नाही. एका सेवा केंद्रात सकाळी वीज आली, संगणक सुरू झाला, इंटरनेट होते, पण एकही सरकारी संकेतस्थळ उघडेना. प्रत्येक पानावर ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा. केंद्र चालवणाऱ्या मुलाने आधी नेटवाल्याला फोन केला, मग राउटर बदलला, मग विंडोज नव्याने टाकायला निघाला. कोपऱ्यातल्या घड्याळाकडे कुणी पाहिले नव्हते. ते २०१५ सालची तारीख दाखवत होते. बोर्डावरची नाण्याएवढी बटन-सेलची बॅटरी संपली होती. रात्रभर वीज नव्हती, तेव्हा यंत्र वेळ विसरले. संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे तारखेवर चालतात, डिजिटल सहीसुद्धा. तारीख चुकली की सगळी दारे बंद. टॉवरमध्ये हा सेल साच्यात बसवलेला असतो, घड्याळवाल्याकडून आणून बदलता येतो. अनेक मिनींत तो प्लास्टिकच्या आवरणात, दोन बारीक वायरी आणि इवलासा कनेक्टर लावून येतो. तसा सेल तालुक्याला मिळत नाही. कुणीतरी सोल्डरिंग करून देईपर्यंत त्या मुलाने रोज सकाळी हाताने तारीख घातली. किरकोळ किमतीचा सेल, आणि पोटापाण्याचे काम त्यावर अडलेले.

वीज हा विषय आमच्याकडे दुखरा आहे. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचे. राज्याची घरे आमच्या कोळशावर उजळतात, आणि अहेरी-भामरागडच्या रस्त्यावर वादळात एक झाड तारेवर पडले की गावे रात्रभर अंधारात. मिनीची खरी कमाई इथे दिसते. जुना टॉवर काम करताना ८० वॅट घेतो असे धरू, मॉनिटर २०. मिनी १५, मॉनिटर तेवढाच. दीडशे अँपिअर-तासाची बॅटरी निम्म्यापर्यंतच उतरवायची आणि इन्व्हर्टरची घट वजा करायची, तर हाताशी सातशे वॅट-तासांच्या आसपास राहतात. टॉवर त्यावर सात तास चालेल. मिनी वीस तास. म्हणजे दोन दिवस वीज आली नाही तरी केंद्र उघडे राहते, आणि तिसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत. विजेच्या बिलातली बचत वेगळी: दिवसाला आठ तास, वर्षाला तीनशे दिवस धरले तर दीडशेहून जास्त युनिट. युनिटला दहा रुपये लावले तर वर्षाला दीड हजार. ती चांगलीच आहे, पण मिनी घ्यायचे कारण ती नव्हे. कारण आहे उघडे राहिलेले दार. फक्त लेझर प्रिंटर इन्व्हर्टरवर घेऊ नये. तापताना तो काहीशे वॅट ओढतो आणि सगळा हिशेब कोसळतो.

आणखी एक गुण कुणी सांगत नाही. टॉवरचा वीजपुरवठा पोटात असतो, मिनीचा बाहेर, अडॅप्टरमध्ये. विजेचा दाब वरखाली झाला तर अनेकदा पहिला बळी अडॅप्टर ठरतो आणि बोर्ड वाचतो. अडॅप्टर बदलणे स्वस्त आणि सोपे. पण इथेही एक खोच आहे. डेल आणि एचपीच्या अडॅप्टरला मधोमध एक बारीक पिन असते. तिच्यातून यंत्र अडॅप्टर ओळखते. बाजारातला ‘चालून जाईल’ असा १९ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर डेल सुरू तर होते, पण ओळख पटली नाही म्हणून प्रोसेसर तळाच्या वेगावर अडकवून ठेवते. मालक म्हणतो यंत्र म्हातारे झाले. लेनोवोचे टोक चपटे आयताकृती, तिसऱ्याच मापाचे. म्हणून एका केंद्रात, एका शाळेत, एका पतसंस्थेच्या सर्व शाखांत एकाच कंपनीचे आणि शक्यतो एकाच मॉडेलचे डबे घ्यावेत. सगळ्यांना एकच अडॅप्टर, एकच सेल, एकच पंखा. जूनमधल्या विजांचे भय अडॅप्टरच्या वाटेने जितके येते तितकेच बाहेरून आलेल्या नेटच्या तारेतूनही येते. ढग जमले की दोन्ही उपटून ठेवावेत, आणि अर्थिंगचा खड्डा खरेच आहे का ते आधी पाहावे.

आता नकाशा. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. क्षेत्रफळ चौदा हजार चौरस किलोमीटरवर, त्यातला फार मोठा भाग जंगल. वडसा सोडले तर जिल्ह्यात रेल्वेचा पत्ता नाही. वडसा ते गडचिरोली मार्गाची वाट लोक वर्षानुवर्षे पाहत आहेत. कंपनीच्या हमीवर दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा नागपूर. सिरोंचा किंवा भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरच्या पुढे. आणि पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की भामरागडचा आलापल्लीशी संपर्कच तुटतो, हे आपण दर पावसाळ्यात वाचतो. अशा ठिकाणी ‘एक वर्षाची वॉरंटी’ या शब्दांत काय उरते? डबा पाठवायचा, त्याची पोच घ्यायची, पंधरा दिवस फोन करायचे, आणि परत आला तर आणायला तालुक्याला जायचे. तोवर केंद्र बंद.

एटापल्ली तालुक्यातल्या एका केंद्रचालकाने मला हे फार नेमके सांगितले. “मशीन बंद पडली का मानसं परत जातेत भाऊ. पंधरा-वीस किलोमीटर चालून आलेली बाई परत गेली, तं ते पुन्हा कधी येईल सांगता येते का? तिच्या लेकराचा दाखला राहून जाते.” त्याने यंत्राची किंमत सांगितली नाही, बिघाडाची सांगितली. आमच्या भागात संगणकाचे मोल असेच मोजावे लागेल: विकत घेताना किती गेले यावर नाही, तर बिघडल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत किती दिवस गेले यावर. त्या मापाने पाहिले की महाग नवे आणि स्वस्त जुने यांच्यातला वाद बराचसा मिटतो.

२०२५ सालात आठव्या पिढीचा आय-५, ८ जीबी मेमरी आणि २५६ जीबी एसएसडी असलेला वापरलेला मिनी ढोबळमानाने बारा ते अठरा हजारांना मिळत होता. नामांकित कंपनीचा नवा टॉवर त्याच्या दुप्पट-अडीचपट. म्हणजे एका नव्याच्या पैशात एकाच मॉडेलचे दोन जुने येतात. एक काउंटरवर, एक कपाटात. चालता डबा बिघडला की त्यातली एसएसडी काढायची, कपाटातल्यात बसवायची आणि अर्ध्या तासात तेच विंडोज, त्याच फाइली, तेच प्रिंटर घेऊन काम पुढे सुरू. बिघडलेला सावकाश, कुणी गडचिरोलीला जाणार असेल तेव्हा त्याच्या पिशवीत पाठवायचा. लहान असण्याचा सर्वांत मोठा फायदा मला हाच वाटतो: एसटीच्या खिडकीजवळ मांडीवर ठेवून नेता येतो. मी घातलेली अट ती हीच. एकटा मिनी आमच्याकडे विश्वासाचा नाही. जोडीने घेतलेला आहे.

अर्थात एसएसडीच गेली तर जोडीचाही उपयोग नाही, आणि वापरलेल्या यंत्रांत नेमकी तीच कमजोर असते. मूळची चांगली एसएसडी काढून घेऊन नाव न ऐकलेली घालणे हा बाजारातला सर्रास प्रकार. दुकानातच क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचे सॉफ्टवेअर चालवून दाखवायला सांगावे. त्यात एसएसडीची उरलेली तब्येत टक्क्यांत दिसते आणि ती किती तास चालली तेही. पाच वर्षे कचेरीच्या वेळेत चालली तर बारा हजार तासांच्या आसपास. चाळीस हजारांच्या वर आकडा असेल तर ते यंत्र रात्रंदिवस कुठेतरी राबलेले आहे, भाव पाडून मागावा किंवा सोडून द्यावे. आणि शून्य-दोन तास दिसत असतील तर एसएसडी नुकतीच बदलली आहे, तेव्हा तिचे नाव वाचावे. विंडोजचा परवाना खरा आहे का, तेही तिथेच पाहावे. कुठल्यातरी कंपनीच्या सामूहिक चावीने उघडलेले विंडोज काही महिन्यांनी पडद्यावर इशारे देऊ लागते.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतची बहुतेक सगळी यंत्रे नाकारते. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीचे डबे एकदम स्वस्त झाले आणि त्यांचा लोंढा लहान गावांकडे वळला. ज्या केंद्रात लोकांचे आधार, बँकेचे तपशील आणि ठसे हाताळले जातात तिथे सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणारे यंत्र ठेवणे मला गैर वाटते, मग ते कितीही स्वस्त असो. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी मात्र हीच यंत्रे सोने आहेत. त्यांवर उबुंटू किंवा सी-डॅकचे बॉस लिनक्स घालावे. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक तयार असतो, लिब्रेऑफिस फुकट. राज्यातल्या शाळांत आयसीटी योजनेतून पाच वर्षांच्या ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ करारावर प्रयोगशाळा आल्या. करार संपला की देखभालीचा माणूस जातो आणि यंत्रे शाळेच्या गळ्यात पडतात. तिथे २० वॅटचा, स्क्रू-ड्रायव्हरने उघडणारा डबा टॉवरपेक्षा जास्त वर्षे तग धरेल.

नव्या चिनी डब्यांबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. २०२४ च्या सुरुवातीला एसमॅजिक या कंपनीच्या काही मिनी संगणकांत विकत घेतानाच पासवर्ड चोरणारे सॉफ्टवेअर बसवलेले आढळले. परीक्षण करणाऱ्यांनी ते उघडकीला आणले आणि कंपनीला ते मान्य करावे लागले. सगळे नवे डबे असे नाहीत. पण कुठलाही नवा किंवा जुना मिनी घरी आणल्यावर पहिले काम एकच: डिस्क पूर्ण पुसून मायक्रोसॉफ्टच्या मूळ जागेवरून घेतलेले विंडोज नव्याने घालणे. दुकानदाराने ‘सगळं टाकून दिलं आहे’ म्हटले तरी. अडॅप्टरवर बीआयएसचे नोंदणी चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक आहे का तेही पाहावे, नसेल तर तो अडॅप्टर टिनाच्या खोलीत रात्री लावून ठेवण्याच्या लायकीचा नाही.

सरकारलाही हा डबा दिसला आहे. ३ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने लॅपटॉप, टॅबलेटच्या आयातीवर निर्बंध घातले त्या यादीत ‘अल्ट्रा स्मॉल फॉर्म फॅक्टर’ संगणकांचे नाव होते. अंमल पुढे ढकलला गेला आणि नोव्हेंबरपासून परवानगी नोंदवण्याची पद्धत आली. त्याच वर्षी जुलैत इंटेलने आपला ‘नक’ हा मिनी संगणकांचा धंदा सोडून तो असुसकडे सोपवला होता. २०२५ च्या अखेरीस एआयच्या सर्व्हरांसाठी मेमरीचा उपसा वाढून तिचे भाव भडकले, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रूशियल हा आपला घरगुती गिऱ्हाइकांचा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. याचा कोरचीच्या माणसाशी संबंध काय? एवढाच की ‘आत्ता ४ जीबी घेऊ, मग वाढवू’ हा सल्ला आता देऊ नये. घेतानाच ८, जमल्यास १६ जीबी असलेला घ्यावा.

लॅपटॉपच का नको, असे मला नेहमी विचारले जाते, आणि प्रश्न रास्त आहे. वापरलेला लॅपटॉप त्याच पैशात पडदा, कळफलक आणि बॅटरी घेऊन येतो. फिरतीवर जाणाऱ्या, घरोघर अर्ज भरणाऱ्या माणसाने तोच घ्यावा. पण एका जागी आठ तास चालणाऱ्या कामाला इकडच्या उन्हाळ्यात लॅपटॉपची बॅटरी लवकर फुगते, बिजागरी तुटते, कळफलकाची एक कळ गेली की पूर्ण पट्टी बदलावी लागते. मिनीचा कळफलक काही शे रुपयांत कुठल्याही आठवडी बाजाराच्या गावी मिळतो.

हा सगळा विचार मला सर्वांत जास्त ग्रामसभांसाठी करावासा वाटतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक गावाच्या हाती आले. त्यानंतर गडचिरोलीत कितीतरी ग्रामसभा स्वतः बांबू आणि तेंदूपत्ता विकू लागल्या. विकणे म्हणजे हिशेब: कोणत्या घराने किती पुडे दिले, शेकड्याचा भाव काय ठरला, कुणाच्या खात्यात किती गेले, ठेकेदाराकडे किती बाकी. हा हिशेब वहीत राहिला तर तो एकदोघांनाच कळतो. पडद्यावर आला आणि छापून भिंतीवर लागला तर गाव विचारू लागते. आणि तेंदूचा हंगाम नेमका मे महिन्यात येतो, म्हणजे यंत्राच्या सर्वांत वाईट महिन्यात. लगेच जूनमध्ये विजा. मग दिवाळीच्या सुमारास आदिवासी विकास महामंडळाकडे धान विकण्यासाठी ऑनलाइन नोंदणी. वर्षातल्या या तीन वेळा यंत्र चालले पाहिजे. बाकीचे दिवस त्याला विश्रांती घेऊ दे. जोडीने घेतलेले तीस हजारांचे दोन डबे, एक बॅटरी आणि एक साधा पडदा यावर हे काम होते. ते गावातल्याच शिकलेल्या पोराने किंवा पोरीने सांभाळावे.

त्या पोरीला शिकवणार कोण, हे मात्र आज ठरलेले नाही. तालुक्याच्या आयटीआयमध्ये ‘कोपा’ शिकवतात, एमएस-सीआयटीची केंद्रे गावोगाव आहेत. दोन्हीकडे संगणक वापरायला शिकवला जातो, उघडायला फारसा नाही. दोन दिवसांचा वर्ग पुरेल: झाकण काढणे, पंखा साफ करणे, पेस्ट लावणे, सेल बदलणे, एसएसडी हलवणे, तिची प्रत दुसऱ्या एसएसडीवर उतरवून ठेवणे. आणि अहेरी, कोरची, भामरागड, सिरोंचा अशा चार ठिकाणी, आयटीआयच्या किंवा पंचायत समितीच्या एखाद्या खोलीत एक कपाट. त्यात प्रचलित तीन जातींचे प्रत्येकी दोन अडॅप्टर, वायरवाले डझनभर सेल, चार पंखे, पेस्टच्या नळ्या, दोन चांगल्या एसएसडी, मेमरीच्या चार पट्ट्या आणि वापरलेला एक तयार मिनी, ज्याला लागेल त्याला महिनाभर नेण्यासाठी. एका नव्या टॉवरची किंमत आणि वर थोडे, एवढ्यात हे कपाट भरते. त्याची चावी कुणाकडे असेल ते नाव आणि फोन दारावर लिहावा, आणि कपाट मे संपायच्या आत भरून झालेले असावे, कारण त्यानंतर भामरागडच्या रस्त्याची खात्री कुणी देऊ शकत नाही.